खिडकीचा तह आणि मुकी शिट्टी

बाईंचे वडील रहदारी पोलीस. चौकात उभं राहून त्यांनी अर्धा जन्म हात वर करण्यात घालवला, आणि घरी आले तरी तो हात काही खाली यायचा नाही. घर दोन खोल्यांचं, न्हाणीघर एकुलतं एक, आणि सकाळ झाली की त्याच्या दाराशी पोरं, आत्या, काका असा सगळा गोतावळा टॉवेल खांद्यावर टाकून जमायचा. बाबा बनियनवर, गळ्यात चौकातली नव्हे, घरासाठी घेतलेली वेगळी शिट्टी अडकवून दाराशी उभे राहायचे.

"आत्या, पुढे चला. काका, थांबा. बादलीवाले उजवीकडून, टॉवेलवाले डावीकडून! ए चिमणे, मधूनच कुठे घुसतेस?"

चिमणी म्हणजे आपल्या बाई. तेव्हा त्या बाई व्हायच्या होत्या.

ज्याच्या डोळ्यात साबण गेलाय त्याला रुग्णवाहिकेसारखी वाट मोकळी करून द्यायची, असा बाबांचा नियम होता. काकांनी एकदा कोरड्या तोंडाला मुद्दाम फेस फासून रांग तोडली, तर बाबांनी त्यांना भर रांगेतून बाजूला घेऊन, गाडी उभी करावी तसं भिंतीला लावून ठेवलं. काका तिथेच सुकले.

थांबायची नाही ती फक्त आई. भरली बादली घेऊन ती यायची, पाणी डुचमळत, पैंजण नसलेल्या पायांचाही एक ताल धरत. बाबांचा हात वर असायचा, आणि आई त्या हाताखालून निघून जायची. "सरका," एवढंच म्हणायची. बाबा सरकायचे.

पुढे घरात धाकटा भाऊ जन्मला. डोळा लागावा आणि शिट्टी वाजावी, असं त्याचं रोज होऊ लागलं. ते पोर दचकून उठायचं, रडायचं, आणि त्याच्या रडण्याने आजूबाजूची आणखी दोन घरं रडायला लागायची. मग एका दुपारी आईने मेणबत्ती वितळवली, खुंटीवरची शिट्टी काढली आणि पातळ मेण तिच्यात निगुतीने ओतलं. काम झाल्यावर पदराने पुसून शिट्टी परत खुंटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गाल फुगवले. आवाज आला नाही. आत्याचा एक पाय पुढे पडला होता. तिने बाबांच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं आणि तो पाय हळूच मागे घेतला. काका थांबले. चिमणी थांबली. बाळ झोपून राहिलं.

त्यानंतर कितीतरी वर्षं बाबा मुकी शिट्टी फुंकत राहिले आणि घर थांबत राहिलं. चौकातल्या भोंग्यांनी त्यांचे कान निम्मे गेलेत, म्हणून शिट्टी वाजत नाही हे त्यांना कळलंच नाही, असं घरातल्या सगळ्यांचं ठाम मत होतं. आणि कळू द्यायचं नाही, असं कुणी न ठरवता ठरलं होतं.

चिमणीची बाई झाली. हायस्कुलात सामाजिक शास्त्रं शिकवायला लागली, म्हणजे इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, आणि गणिताचे सर आजारी पडले की गणितही. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबांनी ती शिट्टी तिच्या हातात ठेवली. "वर्ग म्हणजे चौकच," म्हणाले. "लागेल."

बाईंनी ती फळ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

*

नववीच्या त्या वर्गाला खिडक्या दोन. एक रंगाने कायमची चिकटलेली, दुसरी उघडायची. पंखे दोन. एक फिरायचा, दुसरा नुसता विचार करायचा. उघडणारी खिडकी आणि फिरणारा पंखा दोन्ही एकाच बाजूला, त्यामुळे वर्गाचे दोन देश पडले होते. खिडकीकडचा देश आणि भिंतीकडचा देश.

भिंतीकडच्यांचं म्हणणं, खिडकी सताड उघडा, आम्ही इथे भाजून निघतोय. खिडकीकडचे म्हणायचे, तुमचं काय जातंय, ऊन आमच्या डोळ्यात येतं, वह्या आमच्या उडतात आणि समोरच्या बेकरीचा वास आला की भूक आम्हाला लागते. यावरून युद्ध झालं. खडू उडाले, पट्ट्या मोडल्या, भिंतीकडच्यांनी एक डबा ओलीस धरला आणि मग भूक लागली म्हणून ओलीस खाऊन टाकला.

दुसरी कुणी शिक्षिका असती तर दोन्हीकडच्यांना अंगठे धरून उभं केलं असतं. बाईंनी पुस्तक मिटलं. "आज धडा नाही," म्हणाल्या. "आज तह."

तह करायला फार वेळ लागला. शेजारच्या वर्गात सामाजिक शास्त्रांचे दुसरे शिक्षक होते. त्यांना पोरं सनावळीसर म्हणत, कारण ते लढायांची सालं पाढ्यांसारखी म्हणून घेत. ते भिंतीवर टकटक करायचे: "अहो, जरा हळू! आमचं एक साम्राज्य बुडायचं राहिलंय!" अखेर खिडकीच्या चौकटीवर बरोबर मधोमध खडूची रेघ ओढली गेली. झडप त्या रेघेपर्यंतच उघडायची. खिडकीला हात लावायचा तर आधी दोन्ही देशांना विचारायचं. रेघ मोडली तर वर्गातच न्यायालय भरायचं. आणि हे सगळ्यांना लागू, बाईंनासुद्धा. एकदा धुळीची वावटळ आली म्हणून बाईंनी न विचारता झडप लावली, तर पोरांनी खटला भरून त्यांना कुरकुऱ्या बाकावर बसवलं होतं. त्या बाकाला तीनच पाय धड होते. श्वास घेतला तरी तो बोलायचा.

शेवटचं कलम शिट्टीचं. फारच गोंधळ माजला तर बाई शिट्टी वाजवतील, आणि शिट्टी वाजली की न्यायालयसुद्धा तिथल्या तिथे बंद. हे कलम पोरांनीच घातलं होतं. बाईंनी मान डोलावली आणि मनात आईला हाक मारली. शिट्टी वाजवायची वेळ आली तर काय, या विचाराने त्या खिळ्याकडे बघायचंच टाळायच्या. आपल्या एवढ्याशा राज्याच्या टोकाला मेणाचा बोळा आहे, हे शाळेत त्यांना एकटीलाच ठाऊक होतं.

तहाचं गाणंही झालं. बाईंना दळणाच्या चालीवर ओळी जुळवायची खोड होती, पोरांना बाकं वाजवायची. दोन्ही मिळून असं:

*अर्धी खिडकी वाऱ्याची, अर्धी खिडकी उन्हाची,*
*वही उडाली माझी तर, शेजारणीनं धरायची.*
*अर्धी खिडकी मिटलेली, अर्धी खिडकी उघडी गं,*
*रेघ मोडेल जो कोणी, त्याला बाक कुरकुरी गं.*

*

आणि मग मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाईंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"सामाजिक शास्त्रांच्या दोन जागांतली एक जाणार," त्या म्हणाल्या. "उद्या तपासणीचे साहेब येतायत. सनावळीसरांचा वर्ग तुम्हाला माहितीच आहे. घड्याळासारखा. आणि तुमचा वर्ग..."

"माझा?"

"तुमचा वर्ग म्हणजे बाजार, बाई. मला आवडतो, पण बाजार." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "साहेब दोन प्रश्न विचारतात. तुमची पार्श्वभूमी काय आणि अध्यापनाचं तत्त्वज्ञान काय. सांगायचं: विद्यार्थिकेंद्री, आनंददायी, सर्वांगीण. पाठ करा. आणि ते खिडकीचं खूळ उद्याच्या दिवस बंद. हात जोडते."

बाईंनी संध्याकाळभर पाठ केलं. भाजी चिरताना म्हटलं, दात घासताना म्हटलं. नोकरी गेली तर काय करायचं याचा त्या विचार करू बघायच्या, पण विचार नुसता नववीपर्यंत जायचा आणि तिथेच बाकावर बसून राहायचा. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. म्हणजे यायचं, पण दुसऱ्या कशात त्यांचा जीव नव्हता.

*

साहेब आले. अंगाने भरलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, आणि घामाने कपाळ चमचमतंय. मागे मोठ्या बाई, चेहऱ्यावर लग्नघरातल्या वरमाईसारखं हसू. साहेब नुकतेच सनावळीसरांच्या वर्गातून आले होते, आणि तिथे इतकी सालं ऐकून त्यांचे डोळे जरासे काचेसारखे झाले होते.

"हं," ते पेन काढत म्हणाले. "तुमची पार्श्वभूमी?"

"बाबा रहदारी पोलीस होते," बाई म्हणाल्या. "म्हणजे, न्हाणीघराच्या दाराशी."

पेन थांबलं. "न्हाणीघराच्या?"

"चौकातही. पण मुख्यतः न्हाणीघराच्या."

मोठ्या बाई खोकल्या.

"बरं. अध्यापनाचं तत्त्वज्ञान?"

बाईंनी तोंड उघडलं. पाठ केलेले तिन्ही शब्द एकदम दाराशी आले आणि तिथे हात वर करून उभं राहायला कुणीच नव्हतं. "आनंद... सर्वकेंद्री..." बाई म्हणाल्या. "विद्यार्थी... अंगीण."

"काय?"

"जरा आठवून सांगते."

"सांगा सावकाश," साहेब म्हणाले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. "केवढं उकडतंय हो इथे!" आणि चार ढांगांत खिडकीशी जाऊन त्यांनी झडप सताड ढकलली.

ऊन आलं. वारा आला. बेकरीचा वास तर असा आला जणू त्यालाच तपासणीला बोलावलं होतं. पहिल्या बाकावरची नकाशाची वही पाखरासारखी उडाली आणि साहेबांच्या पायाशी उतरली. वर्गात कुणी श्वास घेईना. कुरकुरा बाकसुद्धा गप्प.

"हरकत आहे!"

खिडकीकडचा एक काटकुळा मुलगा उभा होता. त्याला सगळे हरकत्याच म्हणायचे. घरी जेवायला वाढलं तरी तो आधी हरकत घ्यायचा, असं त्याची आई सांगे.

"बस खाली!" मोठ्या बाई दातांतून म्हणाल्या.

पण तोवर मागच्या बाकावरून दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी फळ्यापाशी आली होती. ती वर्गाची न्यायमूर्ती. स्वभावाने शांत, फक्त घाबरली की उचकी लागायची. "आरोपीने," ती म्हणाली, "हिक्, पुढे यावं."

"आरोपी कोण?" साहेबांनी आजूबाजूला पाहिलं.

"तुम्ही. हिक्."

"अगं कार्टे, साहेब आहेत ते!" मोठ्या बाई म्हणाल्या.

"बाईंनापण शिक्षा झाली होती," हरकत्या म्हणाला. "त्या तर बाई आहेत."

साहेब हसले. "असू दे, असू दे. नाटुकलं बसवलंय वाटतं मुलांनी."

"नाटुकलं शनिवारी असतं," न्यायमूर्ती म्हणाली. "हे खरं आहे. तुम्ही खिडकीला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना विचारलंत का?"

"मला गरम होत होतं."

"आम्हाला काय बर्फात ठेवलंय?" भिंतीकडून कुणीतरी म्हणालं. पण तिकडच्याच एका गोलमटोल, सदा पेंगणाऱ्या मुलाने डोळे उघडले होते आणि तोंडावर वारा घेत तो सुखाने हसत होता. "मी साहेबांचा वकील होतो," तो म्हणाला. "असा वारा मला जन्मात लागला नव्हता."

"फितूर!"

"फितूर तर फितूर. पण थंड."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब रागावले असतील, आता निघून जातील, असं त्यांना वाटलं. साहेबांनी मात्र पेन खिशाला लावलं होतं आणि गळ्याचं वरचं बटण काढलं होतं.

"मला वकील नको," ते म्हणाले. "मी माझं बोलतो. मुळात खिडकी कशासाठी असते? उघडण्यासाठी. मिटायचीच असती तर गवंड्याने भिंतच बांधली असती की नाही?"

"हरकत!"

"थांब रे, बोलू दे. दुसरं. तुमचा नियम आहे, मान्य. तो लिहिलाय कुठे? बाहेरून आलेल्या माणसाला कळायचा कसा? ही बारीकशी खडूची रेघ? मला वाटलं, कुणी पुसायची राहिलीय. पाटी लावलीत का तुम्ही? नाही ना? मग परक्या माणसाला पकडून..."

वर्ग गडबडला. पाटीचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. भिंतीकडचे एकमेकांशी भांडायला लागले, खिडकीकडचे त्यांच्याशी, न्यायमूर्तीच्या उचक्या धावायला लागल्या, आणि त्या कल्लोळात मोठ्या बाईंचा धीर सुटला.

"वाजवा ना ती शिट्टी!" त्या बाईंच्या कानाशी म्हणाल्या.

"नको हो."

"नको काय? नोकरी जातेय तुमची!" आणि त्यांनी स्वतःच खिळ्यावरची शिट्टी ओढली, ओठांना लावली आणि सगळा जीव एकवटून फुंकली.

मोठ्या बाईंचे गाल फुगले. कान लाल झाले. चष्मा वर उचलला गेला. शिट्टीतून चकार शब्द निघाला नाही.

आणि वर्ग थांबला.

हरकत्याचा हात हवेत होता, तो तसाच खाली आला. भिंतीकडचे बसले. खिडकीकडचे बसले. न्यायमूर्तीने घडी घालावी तसे हात बांधले, आणि तिची उचकीही गेली. समोरच्या बेकरीत कुणीतरी ट्रे आपटला, तो ऐकू आला.

बाई नुसत्या बघत राहिल्या. आत्याचा तो मागे घेतलेला पाय त्यांना लख्ख दिसला.

"वाजली का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"नाही," न्यायमूर्ती म्हणाली.

"मग थांबलात का?"

"वाजवली ना पण. थांबायचं आपलं ठरलंय."

बाई एक पाऊल पुढे आल्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही मघाशी विचारलंत ना, तत्त्वज्ञान. ते बहुतेक हेच आहे. मलापण आत्ताच..."

"हो हो, ते नंतर," साहेब म्हणाले. "पण माझं बोलणं अर्धं राहिलंय! पाटीच्या मुद्द्यावर मी जिंकत होतो. मध्येच बंद काय करता?"

न्यायमूर्तीने हात वर केला. "बाई, कलमात लिहिलंय की शिट्टी बाईंनी वाजवायची. ही मोठ्या बाईंनी वाजवली. धरायची का?"

मोठ्या बाई साहेबांच्या पाठीमागे उभं राहून मान हलवत होत्या: हो म्हणा, हो म्हणा, हो म्हणा. हो म्हटलं की खटला बंद. साहेबांची अब्रू शाबूत, मोठ्या बाईंची शाबूत, आणि कदाचित जागाही. वर्ग बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. त्यांचं थांबायचं ठरलं होतं, आणि ते थांबले होते.

"नाही धरायची," बाई म्हणाल्या. "ती मोठ्या बाईंनी वाजवायची नव्हती." आणि त्यांनी मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा करायला घेतला. डस्टर शाळेचं. पृथ्वीचा गोल शाळेचा. कान तुटलेला कप, तो आपला.

खटला पुढे चालला. साहेब बोलले, हरकत्याने हरकती घेतल्या, पेंगणाऱ्या वकिलाने फक्त "वारा!" एवढंच, पण फार भावनेने सांगितलं. शेवटी निकाल असा झाला की साहेबांनी रेघ मोडली हे खरं. पण पाटी नव्हती हेही खरं, म्हणून शिक्षा हलकी. घंटा होईपर्यंत कुरकुऱ्या बाकावर बसायचं. पाटी वर्गाने उद्याच्या उद्या लावायची. आणि दुसऱ्याची शिट्टी वाजवल्याबद्दल मोठ्या बाईंनीही त्याच बाकावर.

"मी?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"या हो," साहेब बाकावर सरकून जागा करत म्हणाले. "जास्त हलू नका, डावीकडचा पाय लुळा आहे."

दोघं बसली. बाक कुरकुरला, कण्हला, आणि एखाद्या म्हाताऱ्या आत्यासारखा सगळ्या गावाला ऐकू जाईल असा बोलत राहिला. बाईंनी राहिलेल्या वेळात नद्या शिकवल्या. साहेबांनी दोनदा हात वर केला. एकदा शंका विचारायला, एकदा खिडकी चार बोटं उघडू का ते विचारायला. मत घेतलं. नाही म्हणाले सगळे.

घंटा झाल्यावर साहेब उठले आणि न्यायमूर्तीपाशी गेले. "मला हा निकाल मान्य नाही. वर दाद मागता येते का?"

"येते. गुरुवारी. बाईंपुढे."

"येतो," साहेब म्हणाले, आणि वरचं बटण लावायचं विसरूनच बाहेर पडले.

फाटकापर्यंत मोठ्या बाई जवळजवळ धावत गेल्या. "साहेब, ते जागेचं..."

"कसली जागा?" साहेब म्हणाले. "अहो, माझं अपील त्या बाईंपुढे चालायचंय. त्यांना काढून चालेल का? लोक म्हणतील, हरायला लागला म्हणून न्यायाधीशच उडवला." थोडं पुढे जाऊन ते परत वळले. "आणि त्या दुसऱ्या सरांनाही राहू द्या. मला साक्षीदार लागेल. भिंतीपलीकडून त्यांनी सगळं ऐकलंय."

*

संध्याकाळी बाई माहेरी गेल्या. बाबा आता थकलेत, पण बसण्याची जागा तीच, न्हाणीघराच्या दाराशी, फक्त आता खुर्ची टाकून. घरात रांग लावायला कुणी उरलं नाही. तरी आतून बाहेर येणाऱ्याला ते डावी-उजवी बघून मग सोडतात.

बाईंनी सगळं सांगितलं. बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"बाबा," बाईंनी पर्समधून शिट्टी काढली. "एक सांगू? ही वाजत नाही."

"माहितीये की."

"कधीपासून?"

"तुझ्या आईने मेण ओतलं तेव्हापासून. मेणाची चव लागते गं तोंडाला. बहिरा झालो होतो, जीभ थोडीच गेली होती?"

"मग इतकी वर्षं फुंकत का होतात?"

बाबांनी शिट्टी हातात घेतली, बनियनला पुसली. "तुम्ही थांबत होतात," ते म्हणाले. "एवढी सगळी माणसं थांबतायत, आणि मी फुंकायची नाही, हे बरं दिसलं असतं का?"

आतून पाण्याचा डुचमळता आवाज आला. आई बादली घेऊन येत होती, आता हळू, एका हाताने भिंत धरत. बाबांनी घाईघाईने शिट्टी ओठांना लावली, गाल फुगवले आणि हात वर केला.

"सरका," आई म्हणाली.

बाबांनी खुर्ची सरकवली.